जमिनीपासून वीतभर उंचीवरची थंडी

१ सप्टेंबर २०२२ रोजी जर्मनीत एक सरकारी आदेश लागू झाला. सरकारी कचेऱ्या १९ अंशांहून जास्त तापवायच्या नाहीत, सरकारी इमारतींचे जिने आणि बोळ मुळीच तापवायचे नाहीत, खासगी पोहण्याचे तलाव गॅसवर गरम करायचे नाहीत. रशियाकडून येणारा गॅस जूनपासून आटत चालला होता आणि आदेश निघाला त्याच सुमारास नॉर्ड स्ट्रीमची पाइपलाइन कोरडी पडली. राहत्या घरांवर वरची मर्यादा कुणी घातली नव्हती. उलट, भाडेकरूने घर अमुक अंशांपर्यंत गरम ठेवलंच पाहिजे अशी करारांतली कलमं तेवढ्यापुरती स्थगित झाली. पण जर्मनीतली जवळपास निम्मी घरं गॅसवर तापतात आणि बिलाचा आकडा आदेशापेक्षा जास्त बोलका असतो. त्या हिवाळ्यात अनेक घरांतली थर्मोस्टॅटची चकती ३ वरून २ वर आली. ३ म्हणजे साधारण २० अंश, २ म्हणजे १६.

माणसांनी स्वेटर चढवले, पायांत लोकरी मोजे घातले, सोफ्यावर शाली आल्या. त्याच खोलीच्या कोपऱ्यात, फरशीवर ठेवलेल्या लाकडी कुंपणात, तीन-चार गिनीपिग राहत होते. ती थंडी त्यांना कशी लागली, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि पुढे जर्मनीतल्या ओळखीच्या मराठी घरांमधून हिंडताना तो वाढत गेला.

ही मराठी घरं आणि गिनीपिग यांचं नातं जुळण्यामागे भाडेकायदाही आहे. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात. भाडेकरारातून कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २० मार्च २०१३ रोजी सांगितलं खरं, पण घरमालकाशी बोलणं, शेजाऱ्यांचा विचार करणं हे सगळं शिल्लक राहतंच. गिनीपिग, हॅमस्टर यांसारख्या लहान प्राण्यांसाठी मात्र सहसा परवानगी लागत नाही. पोरं ‘आई, कुत्रा’ म्हणून मागे लागतात आणि शेवटी घरात येतो तो शिट्ट्या मारणारा, पाऊणएक किलोचा, शेपूट नसलेला जीव. पुण्या-मुंबईत शिकून आलेल्या आईबापांच्या डोक्यात गिनीपिग म्हणजे प्रयोगशाळा. ते चुकीचंही नाही. रॉबर्ट कोखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, तो गिनीपिगांवरच्या प्रयोगांच्या बळावर. हाच कोख १८९७ साली प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आला होता. त्यानंतर काही वर्षांनी परळच्या प्रयोगशाळेतल्या प्लेग संशोधकांनी प्लेग झालेल्या घरांमध्ये गिनीपिग मोकळे सोडले आणि त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा मोजल्या. आपल्याकडे या प्राण्याची ओळख अशी आहे. त्याला थंडी वाजत असेल का, असं विचारायची वेळ आपल्यावर कधी आलीच नव्हती.

आधी खोलीबद्दल. भिंतीवरचा तापमापक खोटं बोलत नाही, पण तो आपल्या नाकाच्या उंचीवर टांगलेला असतो. गरम हवा वर जाते, थंड हवा खिडकीच्या काचेवरून घसरत खाली येते आणि फरशीवर पसरते. जुन्या जर्मन इमारती, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधीपासूनच्या, उंच छताच्या, देखण्या. त्यांच्या तळमजल्याखाली बिनतापवलेलं तळघर असतं. अशा खोलीत डोक्याच्या आणि घोट्याच्या उंचीत तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. गिनीपिगचं अख्खं आयुष्य जमिनीपासून वीतभर उंचीत जातं. तुम्ही १८ अंशांत बसलेले असता तेव्हा तो १५ मध्ये असू शकतो. त्यात दरवाजाखालच्या फटीतून येणारा गार झोत थेट त्याच्या उंचीवर. जर्मन माणूस झोताला फार भितो. मान आखडली, कान दुखला, की दोष झोतावर. आपण त्याला हसतो. गिनीपिगच्या बाबतीत मात्र जर्मन माणूस बरोबर आहे.

म्हणून पहिलं काम स्वस्त आणि कंटाळवाणं आहे. पाच-सात युरोंचा तापमापक कुंपणाच्या आत, फरशीजवळ ठेवायचा आणि रात्र संपता संपता, पहाटे पाहायचा. घरात राहणाऱ्या गिनीपिगला १८ ते २२ अंश बरे पडतात. त्याहून थोडं खाली गेलं तर तो मरत नाही. पण बसायला कोरडी, बंदिस्त, वाऱ्यापासून सुटलेली जागा त्याला हवीच. कुंपण फरशीवरून उचलून फळीवर किंवा बुटक्या टेबलावर ठेवलं, खाली जाड कॉर्क किंवा फोमची चटई घातली, खिडकीकडची आणि दाराकडची बाजू आडवी फळी लावून बंद केली, की हीटरला हात न लावता दोन-तीन अंश मिळतात. या असल्या बिनखर्ची उपायांवर लोकांचा विश्वास बसत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

याचं कारण असं की ऊब बाहेरून आणून द्यायची असते, अशी आपली समजूत. गिनीपिग ती स्वतः तयार करतो, आणि हे सिद्ध करायला विज्ञानाने याच प्राण्याला बर्फात बसवलं होतं. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक दुहेरी भांडं बनवलं. आत गिनीपिग, भोवती बर्फ, त्याच्याही बाहेर आणखी बर्फ, म्हणजे खोलीची उष्णता आत शिरणार नाही. काही तासांनी आतला किती बर्फ वितळला ते पाण्याच्या वजनावरून काढलं, आणि तेवढ्याच काळात गिनीपिगने श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड सोडला त्याच्याशी ताडून पाहिलं. श्वसन म्हणजे एक संथ ज्वलन, हा निष्कर्ष तिथून आला. तो गिनीपिग त्या थंडीतही गरमच होता. वितळत होता तो बर्फ.

पुढचं काम जर्मनांनी केलं. १८४७ मध्ये ग्योटिंगनच्या कार्ल बेर्गमानने मांडलं की प्राणी जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, म्हणून तो उष्णता लवकर गमावतो. १८८३ मध्ये माक्स रुबनरने लहान-मोठ्या कुत्र्यांवर मोजमाप करून हे आकड्यांत दाखवलं. या हिशेबाने एक किलोचा गिनीपिग शांत बसला असताना तीन-साडेतीन वॉट उष्णता देतो. घरातल्या लहानशा एलईडी दिव्याइतकी वीज. चार गिनीपिग एका छोट्या, जाड भिंतींच्या लाकडी खोक्यात बसले तर तेवढ्यात खोक्यातली हवा बाहेरपेक्षा चांगलीच गरम होते. तेच चार गिनीपिग मोठ्या उघड्या पिंजऱ्यात बसले तर ते वॉट खोलीत विरून जातात. खोकं लहान हवं, ही गोष्ट इथून येते. प्रेमापोटी घेतलेला दुमजली लाकडी महाल थंडीत काही कामाचा नसतो.

अंगातली ही भट्टी कशी चालते, यावर १९६० च्या दशकात कुर्ट ब्र्युक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवजात गिनीपिगांवर बारकाईने काम केलं. गिनीपिगचं पिल्लू जन्मतःच केसाळ, उघड्या डोळ्यांचं आणि धावतं असतं. कारण आईच्या पोटात ते तब्बल ६८ दिवसांच्या आसपास काढतं. त्याच्या मानेत आणि खांद्यांच्या पात्यांमध्ये तपकिरी चरबीचा साठा असतो. ही चरबी न थरथरता उष्णता निर्माण करते, आणि ती उष्णता मानेतल्या मज्जारज्जूला पोचते तोवर अंगाला काप भरत नाही. पिल्लू ऊबदार जागी वाढलं तर काही आठवड्यांत ही सोय जवळपास संपते. थंडीत वाढलं तर ती टिकते.

जर्मनीत बाहेर, अंगणात, वर्षभर गिनीपिग पाळणारे लोक बरेच आहेत आणि त्यांचा सगळा शिरस्ता या एका गोष्टीवर उभा आहे. प्राणी बाहेर काढायचे ते मे महिन्याच्या मध्यानंतर, म्हणजे ‘बर्फाळ संतां’चे दिवस सरल्यावर. ११ ते १५ मे हे ते दिवस. तोवर रात्री दहिवर गोठू शकतं असं शेतकरी मानतात आणि टोमॅटोची रोपंही त्यानंतरच मातीत लावतात. उन्हाळाभर बाहेर राहिलेल्या गिनीपिगला शरद ऋतूत दाट लव येते आणि मग शून्याखालची रात्रही तो काढतो, मात्र कोरडं, जाड भिंतींचं, पेंढ्याने भरलेलं घर आणि पुरेसे सोबती असतील तरच. ऑक्टोबरमध्ये घरातून उचलून गच्चीवर ठेवलेला गिनीपिग ती काढू शकत नाही. तसंच, बाहेरच्या थंडीत मुरलेल्याला ‘बिचारा’ म्हणून जानेवारीच्या रात्री २२ अंशांच्या दिवाणखान्यात आणून सकाळी परत बाहेर ठेवणं म्हणजे त्याच्याशी केलेलं वैर. म्हातारे, आजारी, लांब केसांचे आणि बिनकेसांचे गिनीपिग या खेळात घ्यायचेच नाहीत. कोल्ह्यांचा आणि रात्री फिरणाऱ्या मार्टेन या लहान शिकारी प्राण्याचा बंदोबस्त हा वेगळाच विषय.

घरातल्यांकडे परत येतो. श्टुटगार्टजवळच्या एका मराठी घरात मी हिवाळ्यात गेलो होतो. मुलगी दहा-अकरा वर्षांची. तिने पिंजऱ्यावर जाड ब्लँकेट चारी बाजूंनी टाकलं होतं, आत फ्लीसचं अंथरूण, शेजारी गरम हवेचा पंखा. साताऱ्याकडून आलेली तिची आजी सहा महिन्यांच्या मुक्कामाला होती. आजींनी ब्लँकेटचा कोपरा उचलला, नाक आत घातलं आणि म्हणाल्या, “अगं, जीव गुदमरेल माझा. मुताचा वास बघ किती आलाय. गोठ्यात असा वास आला तर गुरं खोकायला लागतात.”

मुलगी म्हणाली, “आजी, पण त्यांना थंडी वाजते ना.”

“थंडी वाजत नाही, ओल लागते. खालचं फेक आधी. कोरडं घाल. पेंढा नाही का मिळत तुमच्या जर्मनीत?”

मिळतो. गव्हाचा, जवाचा, पोत्यात बांधून. आजींना गिनीपिग हा प्राणी ठाऊक नव्हता, पण जनावराच्या बसायच्या जागेबद्दल त्यांना जे माहीत होतं ते जर्मन पशुवैद्य सांगतात त्याहून वेगळं नव्हतं. लघवीतून निघणारा अमोनिया बंद जागेत साठतो, तो जमिनीलगत श्वास घेणाऱ्या प्राण्याच्या फुप्फुसांना चावतो, आणि गिनीपिगला श्वसनाचे आजार लवकर होतात. फ्लीस ओलं झालं की त्याची ऊब जाते. गार आणि ओल्या कापडावर बसलेला प्राणी कोरड्या फरशीवर बसलेल्यापेक्षाही जास्त गारठतो. गव्हाची काडी आतून पोकळ असते. ढिगात असंख्य हवेच्या नळ्या, त्यांत अडकलेली स्थिर हवा, जशी गोधडीच्या थरांत अडकते. शोषून घेण्यासाठी तळाशी लाकडाचा भुसा, त्यावर वीतभर पेंढा, त्यावर सुकं गवत. गिनीपिग त्यात स्वतःच बोगदा करतो. त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत उंच गवतातून वाटा पाडूनच राहतात. अँडीज पर्वतात हजारो वर्षं माणसांनी त्याला पाळलं ते स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या जमिनीवर मोकळं. बाहेर हिमकण पडोत.

ब्लँकेट नकोच असं नाही. मागची बाजू आणि एक कडा झाका, समोर आणि वर हवा खेळू द्या. खिडक्या उघडण्याची जर्मन सक्तीही पाळा; बुरशी धरू नये म्हणून रोज काही मिनिटं सताड उघडायच्या असतात, अनेक भाडेकरारांत तसं लिहिलेलंच असतं. तेवढी मिनिटं कुंपणावर चादर टाका किंवा प्राण्यांना दुसऱ्या खोलीत न्या. खिडकी तासभर अर्धवट तिरकी उघडी ठेवणं सगळ्यांत वाईट. बुरशी धरायची ती धरतेच आणि फरशी बर्फ होते.

विजेच्या उपायांबद्दल माझं मत कडक आहे. विजेची उशी नको, कारण वायर कुरतडली जाते. गरम हवेचा पंखा नको, कारण तोही एक झोतच आहे आणि हवा कोरडी करतो. ऊब देणारा लाल दिवा पशुवैद्याने सांगितला तरच, तोही पेंढ्यापासून दूर. पेंढा आणि तापलेला दिवा यांची गाठ पडली तर काय होतं ते सांगायला नको. जर्मन घरांत एक जुनी सोय मात्र खरोखर गोड आहे: चेरीच्या बियांची उशी. जॅम करून उरलेल्या बिया धुऊन, वाळवून कापडी पिशवीत शिवतात, ओव्हनमध्ये तापवतात आणि पोटावर, पाठीवर ठेवतात. तशीच उशी कोमट करून, टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवली तर ती हळूहळू निवते. मायक्रोवेव्हमध्ये तापवायची प्लास्टिकची चकतीही मिळते. रबरी पिशवी नको: दातांनी फुटते, आणि निवल्यावर रात्रभर गार पाण्याची पिशवी होऊन बसते.

हे सगळं एका कोपऱ्यातच करायचं. गिनीपिगला घाम येत नाही. त्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९.५ अंश. थंडीपेक्षा उष्णता त्याला लवकर मारते. २८-३० अंशांच्या पुढे उष्माघाताची भीती. म्हणून एक टोक ऊबदार, दुसरं गार, आणि निवड त्याची. ऊबदार टोक सोडून तो कायम लांब बसत असेल तर तुमची काळजी त्याला जास्त झाली आहे असं समजावं.

आता सोबतीचा मुद्दा. एकटा गिनीपिग पाळणं स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून कायद्याने चालत नाही. जर्मन प्राणिसंरक्षण कायद्याच्या दुसऱ्या कलमात प्राण्याला त्याच्या जातीला आणि गरजांना साजेसं ठेवा एवढंच म्हटलं आहे, आकडा नाही; पण तिथल्या प्राणिसंरक्षण संघटना आणि पशुवैद्य एकट्याने ठेवू नका असंच सांगतात. गिनीपिग उंदरांसारखे एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपणारे नाहीत, थोडं अंतर राखतात, कुरकुरही करतात. तरी एका खोक्यात तीन असले की खोकं तापतं. शिवाय भ्यालेला, एकटा प्राणी हालचाल कमी करतो, कमी खातो. आणि खाणं म्हणजेच त्याचं सरपण. गवताच्या काड्या सतत आत जात राहिल्या नाहीत तर त्याचं आतडं मंदावतं. एखादा दिवस न खाल्लेला गिनीपिग गंभीर आजारी धरतात. थंड खोलीत गवत कमी पडू देऊ नये, रात्री झोपताना घमेलंभर टाकावं. माणसासारखंच त्याचंही शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही, त्यामुळे हिवाळ्यात हिरवा चारा आटला की लाल ढोबळी मिरची, बडीशेपेचा कंद, केलची पानं. फ्रिजमधून काढलेली गारेगार भाजी मात्र आधी खोलीत राहू द्या.

कुठल्याही घरात मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. पिसं फुलवलेल्या कोंबडीसारखा केस उभारून, पाठ वाकवून कोपऱ्यात बसलेला, कान गार पडलेला, आवडीच्या काकडीकडे न पाहणारा गिनीपिग ‘थंडी वाजतेय’ म्हणून गुंडाळून ठेवू नका. बाकीचे त्याच खोलीत मजेत असतील तर दोष खोलीचा नाही. आजारी प्राणी आपली ऊब राखू शकत नाही. त्याला कोमट उशीसकट त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायचं. खर्चाचा धसका खरा आहे. पशुवैद्यांचे दर ठरवणारी जर्मन नियमावली नेमकी त्याच महाग हिवाळ्यात, २२ नोव्हेंबर २०२२ पासून बदलली आणि दर चढले. रात्री-अपरात्री गेलात तर ५० युरो तातडीची फी २०२० पासून वेगळी आहेच. तरीही सकाळपर्यंत थांबणं महाग पडतं.

आणि एक खास आपल्या लोकांसाठी. मराठी घरं नाताळच्या सुट्टीत तीन-चार आठवडे भारतात जातात. निघताना गॅस वाचवायला सगळे थर्मोस्टॅट हिमकणाच्या खुणेवर फिरवतात. ती खूण म्हणजे साधारण ६ अंश, पाइप गोठू नयेत एवढ्यापुरती. गिनीपिग घरीच असतील आणि शेजारीण फक्त रोज गवत टाकायला येणार असेल, तर त्या खोलीची चकती २ आणि ३ च्या मध्ये ठेवून दार लावा, तापमापक कुंपणात ठेवा आणि तिला त्याचा फोटो रोज पाठवायला सांगा. त्याहून बरं म्हणजे प्राणी तिच्या घरी पोचवा, त्यांच्याच खोक्यासकट, वापरलेला थोडा पेंढाही बरोबर देऊन, म्हणजे वास ओळखीचा राहील. हे माणूस शोधायचं काम विमानाची तिकिटं काढायच्या आधी करा. दिवाळीचा फराळ शेजारी द्यायला जाल तेव्हाच विचारलंत तर नकार सहसा मिळत नाही.